असाध्य कोणाला म्हणावे? जठराचा कर्करोग आणि खुणेची प्रथिने

जठराच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरात जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो रोगाच्या कारणाचा नसतो आणि उपचाराचाही नसतो. 'आता किती दिवस?' हाच तो प्रश्न. विचारणारा बहुधा रुग्ण नसतोच. रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवून थोरला मुलगा किंवा जावई आत येतो, दार लोटून घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो. अंबड असो, भोकरदन असो की परतूर असो, कोणत्याही तालुक्याच्या गावी वैद्यकी करणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. आणि बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला आत काय चालले आहे हे ठाऊक नसते, असेही मुळीच समजू नये.

या प्रश्नाला वैद्यकाने वेळोवेळी कशाच्या आधारावर उत्तर दिले, याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. पूर्वी हा आधार डोळ्यांचा होता, नंतर शस्त्राचा, त्यानंतर सूक्ष्मदर्शकाचा, आणि गेल्या चाळीसपन्नास वर्षांत तो पेशींतील प्रथिनांचा होऊ लागला आहे. प्रथिन म्हटले की आपल्यापुढे डाळ, दूध आणि अंडे उभे राहते. परंतु शरीरातील प्रत्येक पेशी स्वतःची हजारो प्रथिने घडवीत असते, आणि रोगट पेशी घडविते ती पुष्कळदा प्रमाणाने वा रूपाने वेगळी असतात. अशा वेगळेपणावरून रोग्याचे पुढे काय होईल हे ताडता येते का, असा हा शोध आहे. इंग्रजी जाणणारे लोक त्यांना बायोमार्कर म्हणतात. आम्ही खूणप्रथिने म्हणू. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. मृत्यूची तारीख सांगण्याच्या कामी ही खूणप्रथिने पुष्कळदा फसली आहेत. जेथे खूण हीच औषधाला धरण्याची मूठ ठरली, तेथे मात्र त्यांनी इतिहास घडविला.

भाकिताची ही हौस पाश्चात्त्यांचीच आहे असे नव्हे. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचे बारा अध्यायांचे एक स्वतंत्र स्थानच आहे, आणि त्याचा विषय उपचार नसून मरणाची पूर्वचिन्हे हा आहे. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, छाया, त्याला पडणारी स्वप्ने, इतकेच काय, वैद्याला बोलवावयास आलेला दूत कसा आहे, यावरूनही अनुमान करावयास सांगितले आहे. यांतील स्वप्ने आणि दूत आज कोणी मानणार नाही. परंतु रोगांची जी चौकट तेथे घातली आहे, ती मोठी विचारपूर्वक घातलेली आहे. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य, असे चार वर्ग केलेले आहेत. यांतील याप्य हा वर्ग आम्हांला विशेष वाटतो. जो रोग बरा होत नाही, पण उपचार चालू आहे तोवर माणसाला सांभाळून ठेवता येते, तो याप्य. आजच्या कर्करोगचिकित्सेचा निम्मा इतिहास म्हणजे असाध्यातून याप्यात आणि याप्यातून साध्यात रोगी सरकविण्याचा इतिहास होय. मात्र प्राचीनांच्या भाकिताचा एक हेतू वैद्याच्या रक्षणाचाही होता. असाध्य रोग हाती धरणाऱ्या वैद्याचा पैसा जातो आणि नावही जाते, असा इशारा त्या ग्रंथात स्पष्ट आहे. भाकीत कोणाच्या सोयीसाठी करावयाचे, वैद्याच्या की रोग्याच्या, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता व्हिएन्नास जाऊ, कारण जठराच्या कर्करोगाचा आधुनिक इतिहास तेथे सुरू होतो. २९ जानेवारी १८८१ या दिवशी थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्याने तेरेझ हेलर नावाच्या ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा रोगट भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. पॅरिसमध्ये १८७९ साली पेआन याने आणि १८८० साली रिडिगियर याने असा प्रयत्न केला होता. त्यांचे रोगी शस्त्रक्रियेतून वाचले नाहीत. बिलरोथची रोगी वाचली, खाऊपिऊ लागली, घरी गेली. युरोपभर गवगवा झाला. आणि चार महिन्यांच्या आत, मे महिन्यात, ती बाई त्याच रोगाने वारली. रोग आधीच पसरलेला होता. तिचे जठर व्हिएन्नाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी आणि रोगी चार महिन्यांत गत, हे कोडे बिलरोथच्या हातांना सुटण्यासारखे नव्हते. कापलेल्या तुकड्याला काही विचारता आले असते, तर कदाचित उत्तर मिळाले असते. पण विचारावे कसे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तुकड्याला बोलते करण्याचे काम विकृतिशास्त्राने केले, आणि येथे एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यावयास हवे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. लंडनमध्ये शिकलेला हा विकृतिशास्त्रज्ञ नुसता काचपट्ट्या तपासून थांबला नाही. कोणत्या समाजात कोणता कर्करोग होतो आणि तो त्यांच्या कोणत्या सवयीपायी होतो, याचा त्यांनी पाठपुरावा केला. तंबाखू-चुना त्यात आलाच. पण कमरेला धोतर जेथे घट्ट आवळले जाते तेथेच होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचाही त्यांनी अभ्यास केला. मराठवाड्यातील जुन्या माणसांना हे ऐकून कमरेकडे हात न्यावासा वाटेल. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालक खानोलकरच होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्या केंद्रात पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. पेशीतील प्रथिनांचा अभ्यास करावयाचा तर पेशी हाताशी जिवंत हव्यात. त्या दृष्टीने हे पायाचे काम होते.

आमच्या जालन्याचा माणूस त्या काळी परळला पोचे तो मात्र फार कष्टाने. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. राजधानी एकीकडे आणि ओढ दुसरीकडे. हैदराबादेत १९५५ साली मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय निघाले; मुंबईस जावयाचे तर छोट्या रुळांच्या गाडीने मनमाड आणि तेथे गाडी बदलून पुढे. पोटात अन्न न ठरणाऱ्या माणसाला हा प्रवास काय पडत असेल याची कल्पनाच करावी. पोचेपर्यंत रोग बहुधा जठराबाहेर गेलेला असे. परळनंतर दादरच्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेने पुढील काळात कित्येक कुटुंबांना आसरा दिला, आणि २०१२ साली तर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, साठ किलोमीटरांवरच शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. अंतर घटले. पोट दुखते म्हणून सोडा आणि पाचक चूर्णावर काढलेले सहा महिने मात्र अद्याप घटले नाहीत.

सूक्ष्मदर्शकाने दोन गोष्टी शिकविल्या. एक, रोग जठराच्या भिंतीत किती खोल गेला, किती रसग्रंथींत गेला आणि दूर कोठे उतरला काय, यावरून पायऱ्या ठरविता येतात. फ्रान्सच्या पिएर दनुआ याने १९४३ पासून या पायऱ्यांची पद्धत बसविली आणि ती जगाने उचलली. जपानी लोकांनी तर १९६२ साली 'आरंभीचा कर्करोग' याची व्याख्याच करून ठेवली, आणि असा रोग वेळीच काढला तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षे ओलांडतात हे दाखवून दिले. आम्ही येथेच सांगून ठेवतो की, पुढे कितीही प्रथिने सापडली तरी या पायरीपेक्षा मोठे भाकीत करणारी खूण अजून सापडलेली नाही. दुसरी गोष्ट फिनलंडच्या पेक्का लाउरेन याने १९६५ साली सांगितली. त्याने १,३४४ रोग्यांच्या गाठी पाहून त्यांचे दोन मुख्य प्रकार पाडले. एका प्रकारात पेशी आतड्यातल्यासारख्या नळ्या करून राहतात. दुसऱ्यात त्या एकमेकींना न चिकटता, मूठभर बाजरी सांडावी तशा भिंतीत विखुरतात. ही विखुरलेली जात अधिक वाईट. ती तशी का विखुरते, हे लाउरेनला सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर तेहेतीस वर्षांनी आले. त्याकडे आपण वळूच.

परंतु पुढे जाण्यापूर्वी आकड्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण घरोघरी गोंधळ होतो तो येथे. जालन्याच्या श्रोत्यांना हे समजावणे सोपे आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली आणि या गावाचे नाव बियाण्यांशी जोडले गेले. पिशवीवर उगवणशक्ती सत्तर टक्के असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ येथील शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, तर सत्तराच्या आसपास उगवतील. पण तुमच्या चिमटीतला हा एक दाणा उगवेल की नाही, हे पिशवी सांगत नाही. सत्तर टक्के हा पिशवीचा गुण आहे, दाण्याचा नव्हे. वैद्यकातील 'मध्यमान आयुष्य अकरा महिने' याचा अर्थही असाच आहे. निम्मे रोगी अकरा महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले, त्यांतील काही पुष्कळच जगले. डॉक्टर बोलतो पिशवीविषयी आणि ऐकणारा ऐकतो दाण्याविषयी. मग दिंडी दरवाजातून आत येताच घरात रडारड सुरू होते, जमिनीच्या वाटण्या निघतात, आणि ज्याच्याविषयी हे चालले आहे तो अजून चालता-फिरता असतो.

या एका दाण्याविषयी काही सांगता येईल का, ही आशा प्रथिनांनी उत्पन्न केली.

प्रथम ती रक्ता-लघवीच्या वाटेने आली. लंडनचा हेन्री बेन्स जोन्स याने १८४७ च्या सुमारास हाडांच्या मगजाच्या एका रोग्याच्या लघवीत विचित्र प्रथिन पाहिले. ते उष्णतेने साकळे, पुन्हा विरघळे. कर्करोगाचे हे पहिले खूणप्रथिन. मग शंभरांवर वर्षे फारसे काही झाले नाही. १९६३ साली मॉस्कोचे गारी आबेलेव यांनी यकृताच्या कर्करोगात गर्भावस्थेतील एक प्रथिन पुन्हा प्रकट होते हे दाखविले, आणि १९६५ साली माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तसेच दुसरे प्रथिन शोधले. तेच सीईए. गर्भाच्या आतड्यात असते, जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होते, कर्करोगात परत येते. जणू पेशी आपले बालपण आठवू लागते. या कल्पनेने सत्तरच्या दशकात जगभर एक लाट उसळली. आता बोटभर रक्त काढावे आणि कर्करोग आहे की नाही ते सांगावे, असे वाटू लागले.

ते खरे ठरले नाही. जठराच्या कर्करोगात सीईए काहींचे वाढते, पुष्कळांचे वाढत नाही, आरंभी तर बहुतेकांचे वाढतच नाही. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसाचे थोडे वाढलेले सापडते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत कोप्रोव्स्की यांच्या प्रयोगशाळेतून सीए १९-९ आले. ते खरे तर प्रथिनावर लटकलेली साखरेची साखळी आहे, आणि शंभरांतील पाच-दहा माणसांच्या शरीरात, त्यांच्या एका विशिष्ट रक्तगटामुळे, ती साखळी तयारच होत नाही. अशा माणसाला कितीही रोग होवो, तपासणी स्वच्छच येणार. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो आहे काय यावर नजर ठेवण्यास या दोन्ही तपासण्या उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेपूर्वीच त्या फार वाढलेल्या असतील तर पुढची वाट बिकट आहे असेही अनुमान निघते. यापलीकडे त्यांचा अधिकार नाही. तरीही आज शहरोशहरी धट्ट्याकट्ट्या माणसांना वार्षिक तपासणीच्या नावाखाली 'कॅन्सरच्या टेस्ट' म्हणून त्या विकल्या जातात. थोडे वाढले की झोप उडते आणि वाढले नाही की खोटा धीर येतो. हजार-दीड हजार रुपये खर्चून यांपैकी एक गोष्ट विकत घेण्यात काय शहाणपण आहे, ते आम्हांला उमगलेले नाही.

प्रथिनांची दुसरी वाट रक्तातून न जाता थेट त्या कापलेल्या तुकड्यातून गेली, आणि खरा इतिहास तेथे घडला. ज्या १९४१ साली परळचे रुग्णालय उघडले, त्याच साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स याने एक युक्ती केली. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला ओळखून चिकटणारी जी प्रतिपिंडे असतात, त्यांना त्याने चमकणारा रंग जोडला. प्रतिपिंड आपल्या नेमक्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा उजळते. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निपजविण्याची रीत काढली, आणि मग विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती जणू प्रत्येक प्रथिनासाठी वेगळा रंग आला. यापूर्वी तो पेशीचा आकार पाहत होता. आता तिच्या अंगाखांद्यावर काय आहे हे पाहू लागला.

या वाटेवर मुंबईचा एक माणूस फार लवकर येऊन गेला. त्यांचे नाव लक्ष्मीचरण पाढी. मुंबईहून ते अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी गेले होते. उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठींतून कर्करोग जडविणारे एक जनुक त्या प्रयोगशाळेत हाती लागले होते, आणि ते जनुक पेशीत शिरले की कोणते प्रथिन निर्माण होते, हे १९८२ साली पाढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्या प्रथिनाचे रेणुभार एक लाख पंचाऐंशी हजार. त्या काळी माहीत असलेली बहुतेक कर्कजनुकांची प्रथिने पेशीच्या आत दडलेली असत. हे प्रथिन मात्र पेशीच्या पडद्यातून बाहेर डोकावत होते, आणि उंदराच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला ओळखत होती. वाड्याच्या आत काय चालले आहे ते कळत नसले, तरी दाराबाहेर लोंबणारी कडी हाती लागली होती. मात्र ती ओढून पाहावी, म्हणजे प्रतिपिंडाचेच औषध करावे, हा विचार त्या निबंधातून पुढे सरकला नाही. पाढी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८५ साली ड्रेबिन आणि ग्रीन यांनी वाइनबर्ग यांच्याच साहाय्याने दाखविले की, त्या प्रथिनावर प्रतिपिंड बसविले तर काचपात्रातील रोगट पेशी वरमतात. मानवातील तेच जनुक दुसऱ्या वाटेने शोधले गेले आणि त्याला हर-टू हे नाव पडले. १९८७ साली लॉस एंजल्सचे डेनिस स्लेमन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासून सांगितले की, ज्यांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात त्या स्त्रियांचा रोग लवकर उलटतो.

येथे थोडे थांबण्यासारखे आहे. १९८७ साली हर-टू ही केवळ अशुभ खूण होती. चरकाच्या इंद्रियस्थानात शोभावे असे एक अरिष्टच. ज्या बाईच्या गाठीत ती दिसे, तिला सांगण्यासारखी बातमी वाईटच असे. १९९८ साली त्या प्रथिनावर बसणारे ट्रॅस्टुझुमॅब नावाचे प्रतिपिंड औषध म्हणून मान्य झाले, आणि अकरा वर्षांत खुणेचा अर्थ उलटा झाला. ज्यांच्या अंगी खूण त्यांच्यासाठीच औषध. खूण नसणे हीच आता थोडी निराशेची बातमी झाली.

जठराकडे हे औषध यावयास आणखी एक तप लागले. चोवीस देशांत ५९४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रोग पसरलेला, शस्त्रक्रिया अशक्य, आणि गाठीत हर-टू असलेले हे रोगी. तपासलेल्यांत अशी खूण साधारण पाचांत एकाच्या गाठीत निघाली. नेहमीच्या औषधांवर मध्यमान आयुष्य ११.१ महिने, त्यांत हे प्रतिपिंड मिळविले तर १३.८, आणि ज्यांच्या गाठीत ते प्रथिन खरोखरीच भरपूर होते, त्यांत १६. दोन-चार महिन्यांची ही कथा ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? आम्ही म्हणतो, ज्या घरात दोन महिन्यांनी मुलीचे लग्न आहे त्या घरात जाऊन हा प्रश्न विचारावा. शिवाय पिशवी आणि दाणा यांतला फरक येथेही लागू आहे. मध्यमान अडीच-तीन महिन्यांनी सरकते तेव्हा त्यात काही दाणे वर्षानुवर्षे उभे राहिलेले असतात. आणखी गंमत अशी की, जठरात हर-टू असणे हे स्वतः वाईट भवितव्याचे लक्षण आहे काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही. काहींना तसे आढळले, काहींना काहीच फरक दिसला नाही. भाकीत करण्याच्या परीक्षेत जी खूण धड उतरली नाही, तीच उपचाराच्या परीक्षेत पहिली आली.

या तपासणीचा व्यवहार कसा चालतो हे नागरिकांनी जाणून घेण्यासारखे आहे. दुर्बीण घालून जठरातून चिमटीएवढे तुकडे काढतात. जठराच्या गाठीत हर-टू सर्वत्र सारखे नसते. एका कोपऱ्यात असेल, शेजारी नसेल. म्हणून एकदोन तुकड्यांवर भागत नाही, सहा-आठ तरी हवेत. तुकडा तत्काळ फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. तो तसाच वाळला की प्रथिन बिघडते आणि तपासणी खोटे बोलते. मग तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. रंग दिल्यावर शून्य ते तीन असे गुण देतात. तीन आले तर खूण आहे, शून्य-एक आले तर नाही, दोन आले तर जनुकाच्या प्रती मोजण्याची आणखी एक तपासणी करतात. हा मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडचे लोक कागदांची पिशवी जिवापाड जपतात, पण ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्यावयाचे विसरतात. मग मोठ्या रुग्णालयात पुन्हा दुर्बीण, पुन्हा उपास, पुन्हा खर्च.

आता लाउरेनच्या विखुरलेल्या पेशींकडे परत येऊ. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांचे एक मोठे घराणे होते. त्यात तरुण माणसे, काही तर पोरवयातली, जठराच्या कर्करोगाने पिढ्यान्‌पिढ्या मरत. असे घराणे आपल्याकडे असते तर त्याला शापित म्हटले असते आणि त्या घरात कोणी मुलगी दिली नसती. त्या घराण्यातील माणसांनी स्वतःच पुढाकार घेऊन ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड यांच्याकडे धाव घेतली, आणि १९९८ साली कारण सापडले. ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन घडविणारे जनुकच त्यांच्यात बिघडलेले होते. कॅडहेरिन म्हणजे पेशीला पेशीशी धरून ठेवणारा गारा. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी तो त्यापूर्वीच शोधून ठेवला होता. गारा नाही म्हणून विटा सुट्या. १९६५ साली एकाने आकार पाहिला होता, १९९८ साली दुसऱ्याने त्यामागचे प्रथिन दाखविले. त्या घराण्यातील अनेकांनी रक्त तपासून घेतले, आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांतील कित्येकांनी रोग होण्याच्या आधीच जठर काढून टाकले. जठरावाचून माणूस थोडे थोडे खाऊन जगू शकतो. हे भाकीत मात्र दाण्याचे होते, पिशवीचे नव्हे. पण अशी घराणी विरळा, आणि बहुसंख्य रोग्यांना ते लागू नाही.

आणखी एका खुणेने तर आम्हांला अधिकच विचार करावयास लावले. पेशी विभागताना जनुकांच्या नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिने असतात. काही गाठींत यांतील एखादे गायब असते. दुरुस्ती करणारा कारागीरच गेला म्हणजे रोग माजेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. अशा रोग्यांचे शस्त्रक्रियेनंतर इतरांपेक्षा बरेच चालते. कारण चुकांनी भरलेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना चटकन ओळखू येते. चार प्रयोगांतील १,५५६ रोग्यांची माहिती २०१९ साली एकत्र केली, तेव्हा शंभरांत आठांच्या आसपास असे रोगी निघाले, आणि नेहमीच्या केमोथेरपीचा त्यांना लाभ झालेला दिसला नाही. म्हणजे ही खूण 'हे औषध द्या' असे सांगत नव्हती, ती 'थांबा, हे देण्यापूर्वी विचार करा' असे सांगत होती. आठ रोग्यांचे केस, उलट्या आणि कर्ज वाचविणारी खूणही खूणच होय.

पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढणारी औषधेही याच काळात आली, आणि त्यांनाही पीडी-एल-वन या प्रथिनाची खूण जोडली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, ज्यांच्या गाठीत ही खूण ठळक होती त्यांचे मध्यमान आयुष्य १४.४ महिने झाले. नुसत्या केमोथेरपीवरच्यांचे ११.१. रोगी वेगळे, खूण वेगळी, काळ अकरा वर्षांनी पुढचा. पण तुलनेच्या बाजूचा आकडा २०१० साली होता तोच, ११.१. दोन आकडे जुळणे हा योगायोग असेल. तथापि खुणेवाचून दिलेले औषध त्या अकरा वर्षांत फारसे पुढे सरकले नव्हते, हे त्यातून दिसल्यावाचून राहत नाही.

पैशाचे काय? २०१४ च्या आरंभी ट्रॅस्टुझुमॅबची भारतीय बनावटीची, मूळ औषधाशी जुळणारी आवृत्ती बाजारात आली आणि त्यानंतर इतर कंपन्यांचीही आली, किमती उतरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले, ते स्तनाच्या कर्करोगासाठी. तरी कोरडवाहू पाच एकरांच्या धन्याला वर्षभराचे प्रतिपिंड अजूनही जमिनीचा तुकडाच दाखविते. म्हणून तपासणी करावी की नाही, हा प्रश्न कित्येक घरांत औषधाची किंमत विचारूनच सुटतो. आमचे मत असे की, तपासणी करून घ्यावीच. औषध परवडणार नाही हे ठरविण्याचा हक्क घराला आहे. पण ते आहे हेच ठाऊक नसणे, हा निर्णय नव्हे. आणि जमले तर हा निर्णय घेताना बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आत बोलवावे.

सध्याची नवी खूण क्लॉडिन १८.२ ही होय. क्लॉडिन म्हणजे जठराच्या पेशींमधल्या फटी बुजविणारे प्रथिन; निरोगी जठरात ते दोन पेशींच्या सांध्यात दडलेले असते. कर्करोगात पेशींची रांग मोडली की ते उघडे पडते आणि प्रतिपिंडाला सापडते. प्रयोगांसाठी तपासलेल्या दर दहा रोग्यांत जवळजवळ चौघांच्या गाठींत ही खूण निघाली. २०२४ च्या मार्चमध्ये जपानने आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने तिच्यावरील औषध मान्य केले. ही तपासणीही त्याच मेणाच्या ठोकळ्यावर होते.